बुढीनं पायाले हात लावला

मला माणसापुढे हात जोडता येत नाहीत. देवापुढे जोडते. लग्न होऊन हद्दीलगतच्या, तेलुगू राज्यातल्या या मराठी गावात आले तेव्हापासून भाजीचा मळा आणि बोथचा आठवडी बाजार, एवढंच केलं. बाजारात एका हातात तराजू, दुसऱ्या हातात वांगी. भाव सांगायचा, एकदाच सांगायचा, आणि गिऱ्हाईक घेतं की पुढे जातं ते बघायचं. गोड हसलं की गिऱ्हाईक भाव पाडतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. मग हसणं बाजारात बंद केलं, आणि हळूहळू ते घरीही बंद झालं.

आमच्या गावची सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा मी उभी राहायचं ठरवलं. कारण एकच. गाव आणि पलीकडची वस्ती यांच्या मधून नाला वाहतो आणि त्यावर रपटा नाही. मोठा पूल कोणी मागत नाही. पाणी वरून गेलं तरी खाली पाय टेकेल असा सिमेंटचा बुटका रस्ता, तेवढासुद्धा नाही. पावसाळ्यात वस्ती तुटते. माझा मळा त्याच बाजूला, तोडलेली भेंडी टोपलीतच जून होते. एका बाळंतिणीला बाजेवर घालून चार गड्यांनी पलीकडून आणलं, तर पोरगी नाल्यातच जन्मली. ती आता शाळेत जाते, पावसाळा सोडून. दर निवडणुकीत उमेदवार नाल्याच्या काठावर उभा राहतो, पाण्याकडे बोट दाखवतो, फोटो काढून घेतो. नाला अजून तसाच आहे.

समोर किराणा दुकानदाराची बायको होती. कागदावर ती, बोलायला तो. ती डोक्यावर पदर घेऊन नवऱ्याच्या मागे चालायची आणि दिसेल त्याच्या पाया पडायची. सासूच्या वयाच्या बाया, पारावरचे म्हातारे, पुजारी, कोणी सोडलं नाही. तोंडातून शब्द नाही. दोन दिवसांत गावभर झालं, "किती गरीब बाई हो, वाकून वाकून कमर गेली बिचारीची." तिने सरपंच होऊन काय करायचं ठरवलं आहे, हे कोणी विचारलं नाही. वाकणं बघूनच लोकांचं समाधान झालं.

माझ्या बाजूने माझा पुतण्या होता. बोथला त्याचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे जगात काय चालतं ते आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. त्याने मला आधी फोटो काढायला नेलं. स्टुडिओवाला म्हणाला, "आजी, थोडं हसा." मी म्हटलं, "फोटो काढ. हसायचे पैसे वेगळे."

फ्लेक्स छापून आला तेव्हा मी मलाच ओळखलं नाही. चेहरा पिठासारखा पांढरा केलेला. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण पुसून टाकलेलं. ते गोंदण माझ्या आईने मी लहान असताना काढून घेतलं होतं, मी केवढी रडले होते. कॉम्प्युटरवाल्याने एका दुपारी साफ केलं. फ्लेक्स नाक्यावर लागला आणि वस्तीवरच्या एका बाईने मलाच विचारलं, "मावशी, हे कोन बाई उभी राह्यली वं? टीव्हीतली हाय का?"

"मीच आहे."

तिने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग तुमचं गोंदन कुठं गेलं?"

मी पुतण्याला तो फ्लेक्स उतरवायला लावला. तो कुरकुरला, पण उतरवला. मग म्हणाला, "मोठीमाय, फोटो जाऊ दे. पण पाया पडा लागते. लोकं म्हनून राह्यले, बुढीले घमेंड हाय. दुकानवाल्याची बायको पाहा कशी वाकते."

"ती लहान आहे. मी कोणाच्या पाया पडू? माझ्यापेक्षा मोठे या गावात दोन-तीन उरलेत, आणि त्यातल्या एकाला दिसत नाही."

"दिसत नाही त्याच्याही पडा. बाकीचे तर पाहातेत ना."

मी त्याचं ऐकलं. रपटा पाहिजे होता, म्हणून ऐकलं. त्याच दिवशी दिवेलागणीला मारुतीच्या पारावर गेलो. तिथे घोंगडी पांघरून, पांढऱ्या दाढीचा एक माणूस बसला होता. अंधार पडत होता आणि मोतिबिंदू काढल्यापासून मला त्या वेळेला नीट दिसत नाही. पुतण्या कानात म्हणाला, "पडा पडा, म्हतारे हायेत." मी वाकले आणि त्याच्या पायाला हात लावला.

तो माणूस विंचू चावल्यासारखा उठला. "अवो वहिनी! काय करून राह्यल्या हे!"

आवाजावरून ओळखलं. गावाच्या नात्याने तो माझा लहान दीर. मी नवरी होऊन आले तेव्हा नागडा फिरायचा, माझ्या मळ्यातले कच्चे पेरू चोरायचा. दाढी लवकर पिकली, एवढंच.

आमच्याकडे असं मानतात की मोठ्या माणसाने लहानाच्या पायाला हात लावला तर लहानाचं आयुष्य घटतं. मी ते मानत नाही. पण मानणाऱ्या माणसाच्या पायाला हात लागला, हे खरं. तो पारावरून तडक घरी गेला. रात्री थंडीत उघड्या अंगाने हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, आणि सकाळी तापाने फणफणला. त्याच्या बायकोने नळावर सांगितलं, "बुढीनं पायाले हात लावला अन् यायले थंडीताप आला." नळावरून ते कुठे कुठे गेलं ते सांगायला नको. दुपारपर्यंत वस्तीवरही पोचलं. मधल्या नाल्यात तेव्हा पाणी नव्हतं.

त्यानंतर मी प्रचाराला निघाले की लोक पाय लपवायचे. खरं सांगते. बाजेवर बसलेले मांडी घालायचे. ओट्यावर पाय सोडून बसलेली माणसं लुगड्याखाली, धोतराखाली पाय ओढून घ्यायची. एकजण मला बघून बैलगाडीत चढला आणि तिथूनच म्हणाला, "बोला काकू, आयकून राह्यलो." दुकानदार तराजूमागे बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "काकूले मत द्याचं तं द्या बाप्पा, पन पाय सांभाळा." लोक हसायचे. मलाही ते ऐकायला आलं. वाक्य चांगलं होतं, हे मी मान्य करते.

त्या दिवसांत देवळात दुकानदाराची बायको एकटीच भेटली. तिने माझ्या पायाला हात लावला. मी तिची विरोधी उमेदवार, आणि बघायला कोणी नव्हतं. उठता उठता कमरेला हात लावून हळूच म्हणाली, "मावशी, कमर लय दुखून राह्यली वं माझी."

"मग नको वाकू."

"तुमी सांगा यायले," ती म्हणाली आणि पदर ओढून निघून गेली. तिच्याशी माझं तेवढंच बोलणं झालं. त्यानंतर मी तिच्याबद्दल वाईट बोलले नाही. नवऱ्याबद्दल बोलले.

पुतण्याचा धीर सुटला. "आता एकच उपाय हाय मोठीमाय. सभेत रडा लागते. मोठेबाबा गेल्यावर कसे दिवस काढले ते सांगा. पब्लिकचं मन बदलते."

मालक जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा मी रडले ते माझ्या घरात. मी त्याला म्हटलं, "तू सांगितलंस म्हणून फोटो काढला, तू सांगितलंस म्हणून वाकले. दोन्ही वेळा लोकांना मी दिसलेच नाही. आता मी सांगते तसं करायचं. पटत नसेल तर दुकानात जाऊन बस."

आधी मी त्या दिराच्या घरी गेले. तो गोधडीत होता. माणसं जमली होती, मी आत शिरताच भिंतीला टेकली. मी त्याच्या उशाशी उभी राहिले. "ऊठ. माझ्या पाया पड."

"वहिनी..."

"माझ्या हातानं तुझं आयुष्य गेलं म्हणतोस ना? मग माझ्याच हातानं वापस घे. ऊठ."

त्याची बायको त्याला धरून उठवायला लागली. तो गोधडीसकट वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शंभर वर्षं जग. अन् पाणी द्यायला जाताना अंगात स्वेटर घालत जा." कोणीतरी हसलं. मग तोही हसला.

दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला. बोथच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी उतरला. पण गोळी कोणाला दिसते? माझा हात दिसला होता. संध्याकाळी माझ्या अंगणात बाया लेकरं घेऊन उभ्या. "मावशी, हात ठेवा वं याच्या डोक्यावर, रातभर रडते." परवापर्यंत याच बाया लेकरांना माझ्या नजरेआड करत होत्या. पुतण्या हरखला. मोबाईल काढून म्हणाला, "मोठीमाय, असीच राहा. हात ठेव. व्हिडिओ काढतो. मतं आपोआप येतेत!"

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. रपटा समोर दिसत होता. पण एक बाई आजारी पोर घेऊन आली होती, आणि ते पोर खरंच तापलेलं होतं. मी हात ठेवला असता तर ती तिथूनच घरी परत गेली असती. मी पुतण्याचा मोबाईल खाली करायला लावला आणि तिला म्हटलं, "याला दवाखान्यात ने. आत्ता ने. माझ्या हातात काही नाही. दिराचा ताप गोळीनं गेला." सगळ्या बायांना तेच सांगितलं. त्या नाराज होऊन गेल्या. पुतण्याने कपाळाला हात लावला. "चालली मतं."

"जाऊ दे. पोराला कशावर घेऊन जायचं ते बघ." त्यानेच गाडीवर बसवून नेलं त्या मायलेकरांना. मनाने तो चांगला आहे.

पुढचे दिवस मी घरोघर गेले नाही. कापूस वेचणी चालू होती, बाया सगळ्या शेतात. मीही कमरेला फडकं बांधलं आणि ज्याच्या त्याच्या शेतात बायांच्या रांगेत उभी राहून वेचायला लागले. हात जोडायला हात मोकळे नव्हते, आणि बोंडाचे काटे टोचत असताना गोड हसून दाखवायची गरज कोणाला वाटत नाही. वेचता वेचता बोलायचे. रपटा बांधीन म्हणायची नाही, सरपंच एकटा काही बांधत नाही. म्हणायची, "मंजूर होईपर्यंत आफिसात बसीन. मला बसायची सवय आहे."

एक बाई म्हणाली, "पन मावशी, तुमी लय कडक बोलता वं. सरपंच म्हटलं तं कसं, दोन शब्द गोड पायजे."

"बाजारात माझ्याकडून भाजी का घेतेस?"

"तुमी सडकं घालत नाही म्हनून."

"मग."

दुसरी म्हणाली, "हे मत मागून राह्यली का भांडून राह्यली?" आणि सगळी रांग हसली.

मतदान दुपारी एकला संपलं, जेवणं झाल्यावर शाळेत मोजणी. मी थोडक्यात निवडून आले. कोणी कशासाठी मत दिलं ते मला माहीत नाही. काहींनी वेचणीतल्या बोलण्यावर दिलं असेल. काहींनी हाताचा गुण मानून दिलं, मी नाही म्हटलं तरी. एका म्हाताऱ्याने तर स्वतःच सांगितलं, "तू पडली असती तं रागानं येऊन पाया पडली असती. म्हनून देल्लं." मी ते मतही घेतलं. मोजताना सगळी मतं सारखीच असतात.

पहिल्यांदा मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तालुक्याच्या कचेरीत गेले, तेव्हा बाबू माझ्या मागे उभ्या असलेल्या पुतण्याला तेलुगूत म्हणाला, "रांडी, सरपंच गारू, कुर्चोंडी." म्हणजे या, सरपंच साहेब, बसा. आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. पुतण्या लाजला. मी त्या खुर्चीत बसले आणि रपट्याची दरखास्त टेबलावर ठेवली. बाबूने ती वाचली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि इंजिनिअर साहेब नाहीत म्हणून सांगितलं. ते कधीच नसतात. पण बोथच्या बाजाराला येतात.

म्हणून मी बाजार सोडला नाही. गावातले म्हणतात, सरपंच बाईनं रस्त्यावर पोतं टाकून वांगी विकणं शोभत नाही. पुतण्याही म्हणतो. मी बसते. गेल्या बाजाराच्या आधीच्या बाजारी इंजिनिअर साहेब स्वतः आले, वांगी निवडायला लागले. मी तोलता तोलता विचारलं, "साहेब, आमच्या नाल्याचं मोजमाप कधी घेता?" त्यांनी वर पाहिलं. गोंदणावरून ओळखलं की आवाजावरून, ठाऊक नाही. "चुस्तानम्मा, चुस्ता," म्हणाले, म्हणजे बघतो बाई, बघतो. आणि वांगी घेऊन घाईने गेले.

गेल्या बाजाराला ते माझ्याकडे आले नाहीत. पार दुसऱ्या टोकाला, मटणाच्या दुकानापलीकडे एक माळीण बसते, तिच्याकडून घेतली. मी लांबून पाहिलं. त्या माळणीशी मी बोलून ठेवलं आहे. येत्या बाजारी माझं पोतं तिच्या पोत्याला लागून पडेल.