शोकेसमधली किल्ली

निशिकांतकाकांच्या सिंगापूरमधल्या, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये शिरलं की समोर शोकेस. त्यात आयफेल टॉवर, लाकडी बूट, पितळी उंट, गाईच्या गळ्यातली स्विस घंटा. एकतीस देश, एकतीस पुरावे. काकांना प्रवास आवडतो असं सगळे म्हणतात. साफ खोटं. त्यांना फक्त जाऊन आलेलं आवडतं. त्यांची एक एक्सेल शीट असते, दर वीस मिनिटांना एक ओळ. ओळ हिरवी झाली की टाळी. "कव्हर झालं! चला!"

त्यांची बायको म्हणजे माझी सुनेत्राआत्या. बावीस वर्षांच्या फोटोंत ती कडेला उभी आहे, एका हातात काकांची पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात भडंगाचा डबा. डोळे मिटलेले, कारण काका "रेडी" म्हणायच्या आधीच फोटो काढतात.

आत्या लग्न होऊन चिंचवडहून आली आणि इथल्या एका बँकेत लागली. लोकांच्या कागदांतल्या चुका शोधायचं काम. पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी, तिथेच असताना झाली, केसही तिथेच पिकले. चिडली तरी तिचा आवाज चढत नाही, फक्त ऑफिसातला होतो. "नोटेड." काकांना वाटतं, म्हणजे हो.

दोन वर्षांपूर्वी तिने स्पॅनिश शिकायला घेतलं. का, हे घरात कुणी विचारलंसुद्धा नाही. मी विचारलं.

"एक तरी भाषा अशी हवी," ती म्हणाली, "जिच्यात निशी मध्येच बोलणार नाही."

मग रोज एमआरटी मेट्रोत कानात हेडफोन, ओठ हलतायत, बोट हवेत. शेजारच्या आंटी हळूच सरकून बसायच्या. शिकता शिकता तिने स्पेनमधलं तोर्रेसेका नावाचं एक छोटंसं गाव शोधून काढलं. चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी, भोवती ओकची राई, त्यात मोकाट चरणारी काळी डुकरं, दगडी कुंपणांमधून जाणारी पायवाट. आणि पायवाटेच्या टोकाला टेकडीवर एक एवढंसं देऊळ. म्हणजे चर्चच, पण आत्या देऊळच म्हणायची. ते कायम बंद. किल्ली गावातल्या रेमेदिओस नावाच्या आजींकडे. ज्याला बघायचंय त्याने त्यांचं दार वाजवायचं, किल्ली घ्यायची, चार किलोमीटर चालत जायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या हातात परत द्यायची. पावती नाही, ओळखपत्र नाही. आत्याला हेच भारी वाटलं होतं. जिचा जन्म लोकांकडे तीन-तीन सह्या मागण्यात गेला तिला वाटणारच.

"बाकी सगळं तुझ्या शीटप्रमाणे," तिने काकांना सांगितलं. "हे एक माझं."

जूनमध्ये गेले. काकांच्या शीटवर रेमेदिओस होत्या दुपारी पावणेतीनला. स्पेनमध्ये पावणेतीनला दार वाजवणं म्हणजे पुण्यात दुपारी दोनला वाजवणं. आजी गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, तोंडाचा पट्टा चालू. तरी त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून आत्याच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. एकच आहे, म्हणाल्या. आज संध्याकाळी, माझ्या हातात. आत्याने स्पॅनिशमध्ये शब्द दिला. तिचं पहिलं न अडखळता बोललेलं वाक्य.

मग काकांनी घड्याळ बघितलं. "चार किलोमीटर चालत? अगं, चारला तेलाचा घाणा आहे!" गाडी अर्ध्या रस्त्याने वळणापर्यंत नेली. तिथून देऊळ नखाएवढं दिसलं. काच खाली न करता फोटो. "कव्हर झालं!" परत गावात आल्यावर म्हणाले, तू बस, मीच देऊन येतो. दोन मिनिटांत आले. "दिली, दिली."

हे सगळं मला तिने जुलैमध्ये सांगितलं होतं, भाजी निवडताना, तोच ऑफिसातला आवाज लावून. गवारीच्या शेंगा मात्र काडकाड मोडत होती.

आता चोवीस ऑगस्ट. रविवार, दुपारचे साडेचार. काकांचा स्लाइड शो. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, पासिर रिसहून, ओळखीतले पद्माकरकाका आणि अरुणाकाकू एवढ्या लांब आले होते, बिचारे. टीव्हीवर डुकरं. आत्या आत साबुदाणा वडे तळत होती.

"बरं का मंडळी," काका म्हणाले, आणि त्यांनी शोकेसच्या मागच्या कप्प्यातून, उंटाच्या पाठीमागून, एक काळी लोखंडी किल्ली काढली. वीतभर लांब. "बाराव्या शतकातली!"

अरुणाकाकूंनी ती हातात घेतली. "बाई गं! वरवंटाच की हो!"

"तिथल्या एका आजींनी भेट दिली. रडायलाच लागल्या हो. म्हणाल्या, राहू दे तुमच्याकडे आठवण म्हणून."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?" पद्माकरकाकांनी विचारलं.

"भावना कळतात हो!"

आतला तळणाचा आवाज थांबला. आत्या बाहेर आली. हातात झारा, त्यातून तेल टपटप फरशीवर. तिने किल्लीकडे बघितलं, मग काकांकडे.

"निशी, तू 'दिली' म्हणालास."

"अगं, तेच सांगत होतो—"

"यांना सांगत होतास. मला तू 'दिली' म्हणालास. दोनदा."

"दार उघडलं नाही त्यांनी! वाजवलं ना मी. उशीर होत होता, खिशात राहिली, चांगी एअरपोर्टला बॅग उघडली तेव्हा सापडली. मग काय, तिथूनच परत जायचं?"

"दोन महिने माझ्या घरात आहे ती. उंटाच्या मागे."

"जुनं लोखंड आहे गं! दुसरी असेल त्यांच्याकडे."

"नाहीये!" हा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. अरुणाकाकूंनी किल्ली पटकन टीपॉयवर ठेवली. "एकच आहे! आठ सप्टेंबरला जत्रा असते, वर्षातून एकदा ते दार सगळ्यांसाठी उघडतं, अख्खं गाव वर चढतं. त्या बाईने नाव-गाव न विचारता माझ्या हातात दिली, आणि तू मला चोर केलंस, निशी! ज्या भाषेत मी कधी कुणाशी खोटं बोलले नव्हते, तिच्यात!"

तिने गॅस बंद केला आणि जूनमध्ये लिहून घेतलेल्या आजींच्या नंबरवर फोन लावला. स्पीकरवर. तिकडे सकाळ होती.

आत्याने किल्लीचं नाव काढलं मात्र, आणि आजी सुटल्या. चार मिनिटं. मला एक अक्षर कळलं नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. मध्येच एक दम घ्यायच्या आणि पुन्हा वरच्या पट्टीत. आत्याला शब्दन्‌शब्द कळत होता. ती मान खाली घालून नुसतं "सी, सेन्योरा. सी, सेन्योरा" म्हणत होती. गाल लाल.

"काय म्हणतायत?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"सोमवारी कुलूप तोडणार होते. माणूस बोलावलाय."

"मग कुरिअर कर ना! तीन दिवसांत—"

आत्याने हात वर केला. काका गप्प. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती फोनवर सावकाश दोन वाक्यं बोलली. मग आजी काहीतरी तुटक बोलल्या आणि फोन ठेवला.

"थांबतायत," आत्या म्हणाली. "सात तारखेपर्यंत. हातात घेतली होती, हातातच द्यायची."

"ठीक आहे, मग असं करू, माद्रिद करू, ग्रॅनडा राहिलंय ते—" काकांनी लॅपटॉप उघडलासुद्धा.

"तू नाही येणार."

"म्हणजे? एकटी? गाडी कोण चालवणार?"

"बस आहे. पुढे पाय आहेत."

"अगं, पण मी काय करू इथे?"

"वडे तळ. निम्मे राहिलेत." तिने झारा त्यांच्या हातात दिला. पद्माकरकाका खोकल्यासारखं हसले. मी खोकलेसुद्धा नाही, सरळ हसले.

त्याच संध्याकाळी तिने साहेबांना मेल टाकला. रजा हवी आहे, कारण घरगुती चूक. किल्ली आपल्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळून पर्समध्ये ठेवली. भडंगाचा डबा घेतला नाही.

सात सप्टेंबरला फॅमिली ग्रुपवर तिचा व्हॉइस मेसेज आला. फोटो नाही. एक मिनिट चौदा सेकंद. आधी खड्यांवर पावलं, चार पायांची. आत्याचा दम लागलेला श्वास. रेमेदिओस आजी रागवतायत, अजूनही. मग थांबल्या दोघी. लोखंड लोखंडात फिरल्याचा आवाज, एकदा अडकलं, आजी ओरडल्या, पुन्हा फिरलं.

खाली काकांनी लिहिलं होतं, "किती वाजता पोचलीस?"

निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.