उशिराचं कारण

कामगार कोर्टाबाहेर मी अर्ज टाइप करून देते. काल एक कामगार आला. प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. भरपाई मागायची मुदत केव्हाच टळली होती, म्हणून आधी उशीर माफ करा असा अर्ज हवा होता.

“कारण काय लिहू? आजारी होतात?”

“नाही ताई. शेठ म्हणाले होते, हात बरा झाला की ये, तुझं मशीन दुसऱ्याला देणार नाही. म्हणून थांबलो.”

विश्वास ठेवला म्हणून माफी मागायची, आणि तीही यानंच? माझी दहाही बोटं कीबोर्डवर अडून बसली. तो मात्र समोर उरलेली दोन बोटं मिटून उघडून बघत होता, हात अजून बरा व्हायचाच आहे असा.