गाव विचारलं की जळकोट

"काळा आजार आहे. त्याला औषध आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी नांदेडच्या त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर हसले. रक्ताच्या कॅन्सरच्या भीतीनं आम्ही अर्धमेले झालो होतो. त्याच्यापुढं काळा काय नि गोरा काय, औषध असलेला कुठलाही आजार मला चालणार होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला येडीच समजलं असेल.

माझी मुलगी मैत्री सहा वर्षांची. तिचे पप्पा रेल्वेत आहेत, बिहारमधल्या एका लहान स्टेशनावर. लग्नानंतर मीही तिथंच राहिले, गोठ्याला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत. ज्वारीचं पीठ मिळत नाही म्हणून रडणारी बाई मी. आपल्या मुलखात, आपल्या माणसांत लेकीची शाळा व्हावी म्हणून हट्ट धरला आणि तिला घेऊन सासरी, जळकोटला आले.

मला हवं ते मिळालं. मैत्रीचं मात्र मन लागेना. तिकडच्या घरमालकाची मुलगी रिंकी तिची जिवलग. उठता बसता रिंकी. "मराठीत बोल," मी तिला दटावायचे.

काही महिन्यांनी ताप सुरू झाला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली. टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. लेकरू वाळत गेलं, रंग काळवंडला, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं. "जंत झालेत पोरीला, दुसरं काय न्हाई," माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायच्या. पण आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली माझ्या हाताला टणक लागायचं.

उदगीरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्प्लीन वाढलीय. स्प्लीन म्हणजे प्लीहा. रक्त तपासलं तर लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेटही कमी. "कॅन्सर नाही ना, ते बघावं लागेल," म्हणून त्यांनी नांदेडला पाठवलं.

प्रत्येक दवाखान्यात विचारायचे, गाव कुठलं? मी सांगायचे, जळकोट. आपल्याकडं गाव विचारलं की मूळ गावच सांगतात. आणि मला तर ते सांगताना बरं वाटायचं. इतकी वर्षं परमुलखात ते नाव ऐकायला माझे कान आसुसलेले होते.

नांदेडला मॅडम पोट तपासत होत्या. मैत्री तापात पुटपुटली, "हमको रिंकी के पास जाना है."

"ही हिंदी कुठं शिकली?" मॅडमनी विचारलं.

"बिहारला. हिचे पप्पा तिकडं नोकरीला हायत. आम्ही यंदाच आलो."

मॅडमचा हात पोटावरच थांबला. "अहो, हे आधी सांगायचं ना! तिकडं काळा आजार असतो, आपल्याकडं नाही."

"गाव विचारलं, मी गाव सांगितलं."

मग बोटातून थेंबभर रक्त घेऊन आरके-थर्टीनाइन नावाची पट्टीवरची तपासणी झाली. या आजाराविरुद्ध शरीरानं लढा दिला असेल तर पट्टीवर रेघ उमटते. तशी उमटली. बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज, त्यातही जंतू सापडले. काळा आजार वाळूमाशी चावून होतो. ती डासाहून बारीक, ओलसर मातीच्या भिंतीत नि गोठ्यात राहते. जंतू अंगात कितीतरी महिने गप्प बसू शकतात.

सलाईनमधून ॲम्फोटेरिसिनचं औषध दिलं. ताप उतरला. मैत्रीनं वरणभात मागितला तेव्हा मी रडले.

मॅडमनी विचारलं, "तिथं आणखी कुणाला ताप आहे का?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात मैत्री उठून बसली. "रिंकी को है. पप्पा के वीडियो कॉल में देखा था. उसका पेट भी मेरे जैसा है."

लेकरू कधीचं तिचं नाव घेत होतं आणि मी त्याला गप्प करत होते. लगेच ह्यांना फोन लावला. ते रिंकीला तिच्या वडिलांसोबत तिथल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिच्याही पट्टीवर रेघ आली. वेळेत औषध मिळालं.

तुमच्या लेकराचा ताप दोन आठवडे हटत नसेल आणि पोट डावीकडं टणक लागत असेल, तर थांबू नका. मूळ गावाबरोबर लेकरू कुठं कुठं राहिलंय, तेही डॉक्टरांना सांगा.

परवा फोनवर दोघींनी फ्रॉक वर करून एकमेकींना पोटं दाखवली. दोन्ही सपाट. खिदळून झाल्यावर रिंकीनं मला विचारलं, "चाची, कब आओगी?" तिच्या मागं तीच गोठ्याची भिंत, आता फवारणी झालेली. मी फोन डोळ्यांजवळ नेऊन ती बघितली.

"छुट्टी में घर आएँगे," मी म्हणाले.

आत्याबाईंनी भाजी निवडता निवडता वर बघितलं. "घरी? मग हे कुणाचं हाय गं?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि भाजी निवडू लागले.