मारव्यातली माझी बंदिश

लहानपणी गोवरात माझे डोळे गेले. पांढुर्ण्यात बाबा भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला घरी आणत, तिच्यावरच मी शिकले. पुढे नागपूरला गुरूंकडे राहिले आणि बंदिशी बांधू लागले. शब्द माझे, चाल माझी. लोकांना मात्र "आंधळी असून किती छान वाजवते" एवढंच सुचायचं. त्या 'असून'ची मला चीड आहे.

गेल्या हिवाळ्यात सौंसरच्या एका मंडळानं कार्यक्रम ठेवला. गाणारा माझाच शिष्य, पेटीवर मी. मारव्यातली माझी बंदिश मी त्याच्याकडून महिनाभर घोटून घेतली होती. निवेदकानं सांगितलं, ही गायकाची स्वतःची रचना. साथीला आमच्या अंध भगिनी, त्यांच्या जिद्दीसाठी जोरदार टाळ्या. टाळ्या झाल्या. शिष्य आता चूक सुधारेल म्हणून मी थांबले. त्यानं सरळ षड्ज लावला.

मी भाता बंद केला, समोरचा माईक चाचपला आणि म्हणाले, "ही बंदिश माझी आहे."

माईक बंद झाला. निवेदक कानाशी येऊन पुटपुटला, "ताई, कार्यक्रम बिघडवून राहिल्या तुम्ही."

"माझं नाव सांगा, मग वाजवते."

कोणी सांगितलं नाही. शिष्य तंबोऱ्यावर गाऊ लागला. मला उठून जायचं होतं, पण स्टेजची कड कुठे संपते ते ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांत मागं बसलेला माझा भाऊ गर्दीतून येईपर्यंत मला तिथंच बसून ऐकावं लागलं. आणि तो गायलाही चांगला, याचा मला संताप आणखी.

परतताना मोटरसायकलवर भाऊ म्हणाला, "कायले एवढं मनावर घेऊन राहिली? नाव विसरले असतील."

"विसरले नाही. आंधळी म्हणून टाळ्या मागायला बरोबर आठवलं त्यायले."

वाटेतलं बोरगाव मागं पडलं. मग तो हळूच म्हणाला की पुढच्या वेळी तो स्टेजजवळच बसेल.

आठवड्यानं शिष्य मिठाई घेऊन आला. निवेदकाची चूक झाली म्हणाला. मी म्हटलं, हेच सौंसरला जाऊन, त्याच लोकांसमोर सांग. तो उठला आणि चप्पल घालून गेला. मिठाई मी शेजारी देऊन टाकली. त्याला परत शिकवलं नाही.

आता बंदिशीआधी माझं नाव मीच सांगते, मग भाता उघडते. सौंसरहून बोलावणं येत नाही. भाऊ कधीमधी विचारतो, राग गेला का? नाही गेला. जाऊही नये.