आष्टीला न चालणारं कार्ड

दिंद्रुडच्या जिनिंगमध्ये केसरबाईची जागा ठरलेली होती. कापसाच्या डोंगराच्या पायथ्याशी बसून ती कवडी निवडायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. नवरा गेल्यावर याच जागी बसून तिने अंगदला वाढवलं. अंगद मोठा झाला, त्याच जिनिंगमध्ये गाठी बांधायला लागला, आष्टीकडची सायली सून म्हणून घरात आली. एवढ्या वर्षांत केसरबाईने कुणापुढे हात पसरला नव्हता. त्याचा तिला ताठा होता, आणि तो तिला शोभायचाही.

मालक मोहनराव मनाचे चांगले. त्यांनी सगळ्या कामगारांना घरच्यांसकट दवाखान्याचं कार्ड काढून दिलं. कार्डाचं कामकाज एका कंपनीकडे होतं आणि तिच्या वतीने साजिदभाई बीडहून आले. त्या दिवशी आवारात मांडव पडला. आपल्याकडची रीतच आहे ती: पाहुणा आला की आधी फेटा, शाल, नारळ, मग भाषण, मग फोटो. साजिदभाई म्हणाले, "कार्डावर बीडचे चांगले दवाखाने घेतलेत." टाळ्या पडल्या. मोहनराव म्हणाले, "अजून काय पाहिजे?" पुन्हा टाळ्या पडल्या. मग जिलेबी आली. साजिदभाईंना वाटलं, आपली माणसं कुठे-कुठे जातात ते मालकाला ठाऊक असेलच. मालकाला वाटलं, कंपनीला आपलं काम ठाऊक असेलच. विचारलं कुणीच नाही.

"केसरबाई, कार्ड देव्हाऱ्यात ठिवलं म्हणं?" बायका चिडवायच्या.

"ठिवलं. तुझ्यावानी मिठाच्या बरणीत न्हाई ठिवलं."

सायलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती आष्टीजवळच्या आपल्या गावी गेली. तिचे वडील राधाकिशन यांनी आष्टीचा दवाखाना बघून ठेवला, तिथल्या डॉक्टरीणबाई सायलीला तपासत होत्या. हे कळल्यावर केसरबाईने फोन लावला.

"पाव्हणं, आष्टीला कार्ड चालत न्हाई. बीडला न्या तिला."

"इहीणबाई, आष्टी हाकंच्या अंतरावर हाय. पहिलं बाळंतपण आमचं. आमी करू की."

"हातात कार्ड असताना कावून खर्च करायचा? आमच्या मालकानं दिलंय. लोकं काय म्हणतील?"

मुलीच्या सासूला उलट कोण बोलणार? राधाकिशन "बरं" म्हणाले. नववा लागला की सायलीला बीडला पाहुण्यांकडे नेऊन ठेवायचं ठरलं. पण त्याआधीच एका दुपारी कळा सुरू झाल्या. आष्टीचा दवाखाना डाव्या हाताला टाकून जीप बीडच्या रस्त्याला लागली. रस्ता उकरून ठेवलेला, पुढे मालट्रकांची रांग. सायली आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणत होती, "माघारी फिरवा. आष्टीलाच न्या." राधाकिशननी केसरबाईला फोन केला. ती म्हणाली, "इतकं आलाव, आता दम धरा."

बीडला सायली वाचली. मुलगा होता. तो रडला नाही.

डॉक्टर दिंद्रुडहून आलेल्या मायलेकांना म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दवाखान्यातून निघताना खिडकीवरच्या मुलीने कार्ड अंगदच्या हातात परत दिलं. एक पैसा लागला नव्हता. अंगद आईकडे न बघता पायऱ्या उतरला.

मोहनरावांनी साजिदभाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी मांडव नव्हता. दोघं कापसाच्या ढिगापाशी जमिनीवर बसले, भोवती बायका.

"आष्टीचा दवाखाना जोडायला काय लागलं असतं?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं, मालक. जोडला असता."

"तुम्ही विचारायला पाहिजे होतं."

मग साजिदभाई बायकांकडे वळले. "मावशी, तुमची माहेरं कुठली? सुनांची कुठली?" आष्टी, पाटोदा, गेवराई, पाथरी... एकेक गाव निघत गेलं. दर दिवाळीनंतर इथेच येऊन बसायचं, कुणाची सून कुठली, कुणाला कुठे जावं लागतं ते विचारायचं, असं दोघांनी ठरवलं. केसरबाईची पाळी आली तेव्हा तिला गाव सांगता आलं नाही. शेजारणीने सांगितलं.

आठवडाभरातच आष्टीचा दवाखाना जोडला गेला.

सव्वा महिन्यानंतर केसरबाई सुनेला आणायला गेली. अंगद आला नव्हता. राधाकिशननी पाणी दिलं, चहा दिला, कडू शब्द एकही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. सायली चुलीपुढे भाकरी थापत होती. अंग निम्मं झालं होतं.

"आत्या, आता हितं चालतंय म्हणं कार्ड?"

"चालतंय, बाई."

"बरं झालं. माझ्या भावजयीला दिवस गेलेत." मग तिचं तिलाच आठवलं. "तिला कुठलं आलंय पण कार्ड. ती तर तुमच्या जिनिंगातली न्हाई."

केसरबाई तिच्याजवळ सरकली, हात धरायला गेली. सायलीने हात काढून घेतला नाही. पिठाने भरलेला तो हात तसाच तिच्या हातात राहिला, गार. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा सायली हळूच म्हणाली, "सोडा आत्या, उलथू द्या." आणि केसरबाईने हात सोडला.