आवाज नसलेली गाडी

कचेरीला मी रोज एकाच जटक्याने, म्हणजे घोडागाडीने, जात असे, पण गाडीवानाचे नाव विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. म्हैसुरात विजेवर चालणारी तीनचाकी येणार, अशी तेव्हा बातमी होती.

"चामुंडी टेकडीच्या चढावर तिचा दम निघेल. तू कशाला भितोस?" एकदा जटक्यात माझ्यासोबत बसलेले एक वकील गाडीवानाला म्हणाले.

"चढाचं राहू द्या, स्वामी. ती वाजती का?"

"मुळीच नाही," मी वाचलेले सांगितले.

वकील उतरल्यावर तो कुजबुजला, "कुणाला सांगू नका. घोड्याला दिसत नाही. समोरच्या चाकांचा आवाज ऐकून बाजूला होतो."

दुसऱ्या दिवशीही मी त्याच्याच जटक्यात बसलो. त्यानंतर रस्ता शांत झाला की घोडा धरून आम्ही तिघेही कान टवकारत असू.