एका श्वासात तीस

मुतुप ग्यालसन माणसाचा दम त्याच्या आईच्या भाषेत मोजत असे. हिवाळ्यात तो पाहुण्यांना घेऊन लडाखमधल्या रुंबक गावाच्या वर जाई. संध्याकाळी जेवणाआधी त्यांना बुखारीभोवती, खोली तापवणाऱ्या लोखंडी शेगडीभोवती, बसवी आणि एकेकाला सांगे, तुमच्या घरच्या भाषेत एक ते तीस मोजा, एका श्वासात, मध्ये हवा घ्यायची नाही. तीस गाठले तर उद्या वर. विसाच्या आत अडखळला तर उद्याचा दिवस विश्रांती. दहाच्या आत थांबला तर त्याच क्षणी खाली, मग तो कुणीही असो. बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र त्याच्यापाशी होतं, त्याचे आकडेही तो वहीत लिही, पण विश्वास मोजणीवर. घरच्या भाषेतच का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, इंग्रजीत माणूस जपून बोलतो, त्यात दम लपवता येतो. ही युक्ती त्याने गोन्प्यात, मठात, उचलली होती. लहानपणी दोन वर्षं तो तिथे होता आणि धाकट्या लामांना पाठ एका दमात म्हणावा लागे.

त्याचा जन्म रुंबकचाच. शाळेसाठी स्तोकची खिंड पायी ओलांडून तो लेहला येई, पाठीवर महिन्याचं सातूचं पीठ. सतराव्या वर्षी गोऱ्यांचा स्टोव्ह वाहायला लागला आणि तिशीत गाईड झाला. मी आमच्या गाईड संघटनेच्या लेहमधल्या कार्यालयात बावीस वर्षं कारकून आहे, येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. परवाने, यादी, येण्याजाण्याच्या तारखा माझ्याकडे असतात. मुतुपच्या नावापुढे एवढ्या वर्षांत एकही अपघात नव्हता.

आमचा एक नियम आहे. विमानाने लेहला उतरलेल्या पाहुण्याने पूर्ण दोन दिवस काही न करता पडून राहायचं, मगच वर निघायचं. परवान्याच्या अर्जात त्यासाठी आगमनाच्या तारखेचा रकाना आहे. तो रिकामा असेल तर मी शिक्का मारत नाही. गाईडने मात्र खाली फक्त सही करायची असते. त्याच्यासाठी रकाना नाही. गाईड इथलाच, त्याचं आगमन कुठून व्हायचं?

गेल्या हिवाळ्यात मुतुप आईला घेऊन बोधगयेला गेला होता. चांगले चाळीस दिवस राहिला. अमा-ले अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना स्तूपासमोर रोज दंडवत घालायचे होते. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळच्या विमानाने दोघं परतले. आईला लेहमधल्या घरी बुखारीपाशी बसवून मुतुप पिशवीसकट थेट माझ्या कार्यालयात आला, कारण मंगळवारी सकाळी त्याची तुकडी निघायची होती. पाच पाहुणे आधीच येऊन विश्रांती घेत होते. सहावे त्याच दिवशी, त्याच विमानाने उतरले होते आणि माझ्या टेबलासमोर बसले होते. हे कोलकात्याचे सान्यालसर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं शनिवारचं विमान धुक्यामुळे रद्द झालं होतं.

मुतुपने त्यांना सांगितलं की त्यांनी मंगळवारी निघायचं नाही. मंगळ, बुध पडून राहायचं, पाणी प्यायचं. गुरुवारी दुसऱ्या जीपने झिंगचेनला येऊन रुंबकला चढायचं, तिथे तुकडी थांबलेली असेल. सरांना ते पटेना. तीस वर्षं डोंगर चढतोय, म्हणाले.

“डोंगर पळून जात नाही, सर,” मुतुप म्हणाला.

सर हसले. “मुतुपजी, तुम्हीही माझ्याच विमानात होतात. माझ्या पुढच्या रांगेत. मग तुम्ही उद्या कसे निघता?”

“मी इथला आहे.”

कार्यालयातले आम्ही सगळे हसलो. आमचा स्वयंपाकी नवांग चोस्दान, मुतुपचा बालमित्र, त्याच तुकडीबरोबर जाणार होता. तो सरांना म्हणाला की ह्याला हवा मोजायला सांगू नका, ह्याच्या घरात वाराच भाड्याने राहतो. सरही मग हसले आणि मुतुपने दिलेलं सूचनांचं छापील कार्ड खिशात घालून हॉटेलवर गेले.

मुतुपच्या पिशवीच्या मुठीला विमान कंपनीची पांढरी कागदी पट्टी चिकटलेली होती, दिल्ली ते लेह, वर तारीख. मला लोंबकळणाऱ्या वस्तू आवडत नाहीत. मी खणातून कात्री काढली आणि ती पट्टी कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली. सरांच्या पिशवीला तशीच पट्टी होती. मी दोन्ही पाहिल्या होत्या. एकीवरून सरांच्या अर्जात तारीख लिहिली आणि दुसरी टाकून दिली.

पुढचं मला चोस्दान आणि सान्यालसरांनी सांगितलं. दोघांचं सांगणं जुळतं.

मंगळवारी तुकडी झिंगचेनहून चढून रुंबकला मुतुपच्या चुलतभावाच्या घरी मुक्कामाला पोचली. बुधवारी मुतुप कोरडा खोकू लागला. बोधगयेची धूळ छातीत बसलीय, म्हणाला. गुरुवारी सकाळी पाहुण्यांना बर्फातली हिमबिबट्याची पावलं दाखवायला घेऊन गेला तर अर्ध्या वाटेत दगडावर बसला. चोस्दानने चिडवलं की तीर्थ करून आलास, पुण्य जड झालंय. संध्याकाळी सर येऊन पोचले. रात्री मुतुपने सगळ्यांची मोजणी घेतली. सरांनी बंगालीत एका दमात एकतीस म्हटले. मुतुपला तीस कुणी म्हणायला लावले नाहीत. त्याच्या वहीत पाहुण्यांची सहा नावं होती, सातव्यासाठी ओळच नव्हती.

शुक्रवारी सगळे गांदा खिंडीच्या पायथ्याकडे निघाले. वाटेतलं युरुत्से मागे पडलं आणि मुतुप रांगेच्या शेवटी राहू लागला. शेवट सांभाळतोय, असं पाहुण्यांना वाटलं. साडेबाराला तंबूच्या जागी पोचले तेव्हा तो वीस पावलं मागे बर्फात उभा होता, दोन्ही हात काठीवर आणि डोकं हातांवर. चोस्दान चहाचा पेला घेऊन गेला. मुतुपने पेला घेतला आणि तो त्याच्या हातून सरळ खाली पडला. मग चोस्दानने त्याचे ओठ पाहिले. पाटीसारखे काळेनिळे.

चोस्दानने बोटाला यंत्र लावलं. चौपन्न. सत्तरच्या खाली असलेल्या पाहुण्याला मुतुप उभं राहू देत नसे.

मुतुप म्हणाला की बोटं गार आहेत, यंत्र चुकतंय. प्रत्येक पाहुणा हेच म्हणतो आणि मुतुपचं उत्तरही ठरलेलं असतं. तेच उत्तर चोस्दानने त्याला परत दिलं. “यंत्र तुझा मेहुणा नाही, तुझ्यासाठी खोटं बोलायला.”

पण मुतुप ऐकेना. सर्दी आहे, तंबूत पडलो की उतरेल, पाहुण्यांना वर ठेवून गाईड खाली जात नसतो, असं तो म्हणत राहिला. दोन शब्दांमध्ये तो हवा घेत होता आणि छातीतून भांडं उकळल्यासारखा आवाज येत होता. चोस्दान म्हणतो की हात धरून ओढायची त्याला हिंमत झाली नाही. वर गाईडचा शब्द शेवटचा, हे त्याला मुतुपनेच शिकवलं होतं.

तेव्हा सान्यालसर पुढे आले. त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं.

“मुतुपजी, आज माझा पाचवा दिवस. तुमचाही पाचवाच. मोजा.”

मुतुप त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि लडाखीत सुरुवात केली. चिक, ञिस, सुम, झी, ङा, टुक, दुन. सातावर श्वास संपला. आठ त्याच्या ओठांवर आला, पण आवाज फुटला नाही.

सर सांगत होते की त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता धक्का होता. आयुष्यभर ज्या दारातून आलोगेलो ते दार एक दिवस आतून बंद असावं, तसा.

“दहाच्या आत,” मुतुप म्हणाला, आणि पुढचं स्वतःच म्हणाला, “खाली.”

त्यानंतर त्याने वाद घातला नाही. फक्त प्राणवायूची नळकांडी लावायला तो तयार नव्हता, ती पाहुण्यांची आहे म्हणाला. चोस्दानने ती न विचारता त्याच्या तोंडाला लावली. सामान वाहणाऱ्या घोड्यावर त्याला बसवून दोरीने बांधलं. उरलेल्या पाहुण्यांना घोडेवाल्याबरोबर युरुत्सेच्या घरात सोडलं. सर मात्र घोड्यामागे चालत राहिले. मुतुपला झोप लागू नये म्हणून दर वळणावर ते त्याला मोजायला लावत. सात. पुन्हा सात. नळकांडी संपल्यावर पाच. एका वळणावर तीन.

युरुत्सेहून मला फोन आला तेव्हा दीड वाजला होता. मुतुपला खाली आणताहेत, असं चोस्दान म्हणाला. कुठला पाहुणा, असं मी विचारलं. त्याने पुन्हा मुतुपचं नाव घेतलं. मी विचारलं, पाय मोडला का? मला दुसरं काही सुचेचना. चोस्दानने मागितलेली मोठी नळकांडी घेऊन जीपने झिंगचेनला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तो पाय मोडलेलाच होता.

पाचच्या सुमाराला घोडा दिसला. दरीत ऊन नव्हतं, पण उजेड होता. मुतुप आपल्या लांब लोकरी गोंच्यात गुंडाळलेला, मान घोड्याच्या आयाळीवर. हनुवटीवर गुलाबी फेस सुकला होता. मी पुढे झालो तर त्याने मला ओळखलं नाही. आम्ही त्याला जीपमध्ये घेतलं, नळी लावली. अर्ध्या वाटेवर सर पुन्हा म्हणाले, मोजा. नऊ झाले. चोस्दान खिडकीकडे तोंड करून रडत होता.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई आमच्याच, नुब्राकडच्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला पहिला प्रश्न केला, हे खालून कधी आले? मी म्हणालो, हा गाईड आहे, रुंबकचा.

“ते मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या.

फुप्फुसांत पाणी झालं होतं. आणखी एक रात्र वर काढली असती तर काही करता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटत नव्हतं. हा रोग परक्यांचा, समुद्राकाठून येणाऱ्यांचा. त्यांनी समजावलं की डोंगरात जन्मलेला माणूस काही आठवडे खाली राहिला की त्याचं शरीर डोंगर विसरतं, आणि परत आल्यावर कधीकधी परक्यापेक्षाही वाईट वागतं. दर हिवाळ्यात असे चारपाच जण येतात आणि सगळे आपलेच. “पाहुणे घाबरून पडून राहतात. आपली माणसं विमानतळावरून सरळ गोठ्यात जातात.”

मुतुपची आई त्याच विमानाने आली होती. दंडवतांनी गुडघे धरल्यामुळे ती बुखारीपासून हललीच नव्हती. तिला काहीही झालं नाही.

बातमी पसरली तशी भेटायला रीघ लागली. कुणाचाच विश्वास बसत नव्हता. कुणी म्हणालं, खाली काहीतरी खायला घातलं. मेहुणीच्या मते नजर लागली होती. रुंबकचे एक म्हातारे पलंगापाशी बसून सारखं एकच म्हणत होते, हवा आपली, मग आपल्याला कशी मारेल?

पाचव्या दिवशी मुतुप उशीला टेकून बसला होता. खोलीत आम्ही दोघंच. तो बोटं मोडत काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, “मुन्शी-ले, आबा किती दिवसांत गेले होते?”

त्याच्या वडिलांना चंदीगडला पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी नेलं होतं. दोन महिने राहून ते बरे होऊन परतले, विमानाने, जानेवारीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जनावरं बघायला वर रुंबकला गेले आणि चौथ्या दिवशी वारले. छातीत थंडी भरली, असं सगळे म्हणाले. घरच्यांनी चंदीगडच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. मलाही ते आठवत होतं, त्यांच्या अंत्यविधीला मी होतो.

“चार,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याने आधीच मोजलं होतं. त्या रात्री घरी मी झोपल्याजागी नावं आठवत राहिलो. गेल्या चाळीस वर्षांत तीर्थाहून, पलटणीतून, मुलांच्या वसतिगृहांतून हिवाळ्यात परतलेली आणि आठवड्याच्या आत छातीत थंडी भरून गेलेली माणसं. त्यातली किती अशी गेली असतील, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सात नावं झाल्यावर मी आठवायचं थांबवलं.

या हिवाळ्यात मुतुप मुलीला भेटायला जम्मूला गेला, महिनाभर राहिला आणि जानेवारीत परतला. पिशवीसकट माझ्या कार्यालयात आला. सवयीने माझा हात खणातल्या कात्रीकडे गेला. त्याने पिशवीच्या मुठीवर पंजा ठेवला.

“राहू दे. पूर्ण दोन दिवस झाले की काप.”

पुढचे दोन दिवस तो आमच्या बुखारीपाशी बसून होता. येणाराजाणारा प्रत्येक जण ती पट्टी वाचून त्याला चिडवी. चोस्दान लोण्याचा गुरगुर चहा आणून पाहुण्यांना वाढतात तसा वाकून वाढी आणि म्हणे, सर, पाणी भरपूर प्या, डोकं दुखतंय का, डोंगर पळून जात नाही. मुतुप गुपचूप पीत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात उभी होती, पाहुणे आत बसलेले. मी कात्री हातात घेतली. मुतुप भिंतीला पाठ लावून सरळ उभा राहिला आणि मोजायला लागला. चोस्दानही बोटं धरून मनात मोजत होता. चोवीसला मुतुप अडखळला, सव्वीसला थांबला.

विसाच्या वर होता. पाहुणा असता तर त्याने त्याला विश्रांतीलाही बसवलं नसतं, फार तर हळू चाल म्हणाला असता. मी तसं बोलून दाखवलं.

मुतुपने पिशवी उचलून पुन्हा बुखारीपाशी ठेवली. मग बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितलं की आज निघायचं नाही, गाईडला एक दिवस लागणार आहे. मी कात्री खणात ठेवली.